रात्री अकरा वाजले की पाय जागे होतात. कुणाला असं होतं का?

जेकार्ड४४ | १४ एप्रिल, पहाटे २:४०

झोप नाही म्हणून लिहायला बसलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापूरला राहतो, वय ४४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दिवसभर काही होत नाही. रात्री जेवून आडवा झालो की अकराच्या सुमारास दोन्ही पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. दुखत नाही. मुंग्याही नाहीत, मुंग्या कशा येतात ते मला माहीत आहे. हाड आणि मांस यांच्यामधून कुणीतरी दोरा ओढतंय असं वाटतं आणि पाय हलवला नाही तर ओरडावंसं वाटतं. हलवला की दोन सेकंद बरं, पुन्हा तेच. मग उठून हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. चालताना एकदम झकास. पाठ टेकली की परत सुरू. तीन-साडेतीनला आपोआप शांत होतं, आणि सहाला अलार्म.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "रात्री दोनला तुमच्याकडं कोण चालत असतं हो?" बायकोने हसून वेळ मारून नेली. तिला वाटतं मला कसलंतरी टेन्शन आहे आणि मी लपवतोय. डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं दिली, कॅल्शियम दिलं, पायांच्या शिरांचं डॉपलर झालं. सगळं नॉर्मल. शेवटी म्हणाले, झोपण्याआधी मोबाईल बघू नका.

एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो. माझी आजी साखर पेठेतल्या वाड्यात रात्री अंगणात फेऱ्या मारायची. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पोटऱ्यांना आवळून बांधायची. लोक म्हणायचे, म्हातारीला बाहेरचं काहीतरी लागलंय. परवा मी पोटरीला टॉवेल आवळून बांधला तेव्हा ती आठवली आणि जरा घाबरलोच.

---

बे_दुणे_चार | १४ एप्रिल, सकाळी ८:०५

काय बे, दोनला नळाला पाणी आलं की पहिलं तुलाच कळत असेल. सोसायटीला फुकट वॉचमन मिळाला की!

गंमत सोड. आमच्या मेव्हण्याला कुणीतरी सांगितलेलं, चादरीखाली पायाशी अंगाच्या साबणाची वडी ठेवायची. ठेवून बघ. आणि मला एक सांग, ते काका दोनला जागे कशाला असतात?

---

जेकार्ड४४ | १४ एप्रिल, सकाळी ९:३०

साबण झाला ठेवून. चादरीला वास छान येतो.

---

हुलग्याचं_माडगं | १४ एप्रिल, दुपारी १:१२

हा सरळसरळ वात आहे. तिळाचं तेल कोमट करून तळपायापासून गुडघ्यापर्यंत रोज रात्री चोळा, वांगं-बटाटा बंद करा. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालतं. डॉपलर-बिपलरवर पैसे घालवायची गरज नव्हती.

---

रात्रपाळीवाली | १४ एप्रिल, रात्री ११:५०

दादा, मी नर्स आहे, डायलिसिस विभागात. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते मी रोज ऐकते. आमचे पेशंट चार-चार तास मशीनला जोडलेले असतात, उठता येत नाही. शेवटच्या तासात काही जण अक्षरशः रडकुंडीला येतात, "सिस्टर, मशीन काढा, पाय हलवू द्या" म्हणून. किडनी निकामी झालेल्यांत हा त्रास बराच दिसतो.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, आरएलएस. ओळखायची खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे: पाय हलवायची अनावर ऊर्मी येते, बसलं-निजलं की वाढते, चाललं की जाते, आणि संध्याकाळनंतर जास्त असते. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव जाईल असं दुखतं, ते वेगळं. शुगरवाल्यांच्या तळपायाची आग दिवसाही होते आणि चालून शांत होत नाही, तेही वेगळं. हे ओळखायला कुठलं मशीन नाही. तुमचं डॉपलर नॉर्मल येणारच होतं, कारण भानगड शिरांत नाही. मेंदूत आहे.

म्हणजे वेड नव्हे हं! मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं. मेंदूला लोह कमी पोचलं की ही यंत्रणा बिघडते, आणि ते रात्री जास्त जाणवतं. शरीरात लोह पुरेसं असून मेंदूत कमी असू शकतं, हीच गोम आहे. आजी-नातू दोघांना असणं यातही नवल नाही, हा त्रास घराण्यात उतरतो. तुमच्या आजींना बाहेरचं काही लागलेलं नव्हतं.

दोन गोष्टी विचारते. पहिली, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंय का? हिमोग्लोबिन नव्हे, फेरिटिन. दुसरी, रात्री झोपताना कुठली गोळी घेता का, अगदी साधी वाटली तरी?

---

जेकार्ड४४ | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, रात्री एकला तुमचं वाचलं आणि बायकोला उठवून वाचून दाखवलं. ती गप्प बसून ऐकत होती.

फेरिटिन नाही केलेलं. हिमोग्लोबिन १३.४ होतं, डॉक्टर म्हणाले उत्तम. गोळी म्हणाल तर सर्दीची एक घेतो. कारखान्यात सुताची धूळ असते, संध्याकाळी नाक गच्च होतं. मेडिकलवाल्यानेच दिलेली, दोन वर्षं झाली असतील. झोपपण येते म्हणून रात्रीच घेतो. ती काय करणार?

---

रात्रपाळीवाली | १५ एप्रिल, रात्री १०:२०

तीच करत असेल. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन) हा त्रास वाढवतात. माणूस झोप यावी म्हणून घेतो आणि पाय त्याला झोपू देत नाहीत. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइडही तसलीच. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही पाय खवळतात, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन वगैरे. पण कुणी हे वाचून नैराश्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. सर्दीचं सोपं आहे. नाकातला स्प्रे किंवा कमी गुंगीच्या नव्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना विचारून बदला.

फेरिटिनचं तुमच्या भाषेत सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे मागावर चढलेलं सूत, फेरिटिन म्हणजे गोडाऊनमधला स्टॉक. माग खडखड चालू आहे म्हणून सगळे खूश, गोडाऊनमध्ये मात्र झाडू मारलेला. रिपोर्टवर २०-३० च्या पुढे सगळं 'नॉर्मल' छापलेलं असतं. पण या त्रासात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असलं तरी लोह द्यायचा विचार करतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. बरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह किती, ते दाखवणारी तपासणी) करा, सकाळी उपाशीपोटी. ताप, इन्फेक्शन असताना करू नका, फेरिटिन फुगून येतं आणि कमी असलेलंही भरपूर दिसतं.

आणि रिपोर्ट यायच्या आधी लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नका. लोह जास्त झालं तर लिव्हरमध्ये साठतं. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर तेही सांगा.

---

संशयात्मा | १५ एप्रिल, रात्री ११:३३

हल्ली प्रत्येक गोष्टीला सिंड्रोम झालाय. मोबाईल येण्याआधी कुणाचे पाय वळवळत नव्हते.

---

बे_दुणे_चार | १५ एप्रिल, रात्री ११:४१

त्याची आजी मोबाईल बघत फेऱ्या मारायची का बे?

---

रात्रपाळीवाली | १६ एप्रिल, पहाटे ४:०५

थॉमस विलिस नावाच्या इंग्लिश डॉक्टरने हे १६७२ साली लिहून ठेवलंय. त्याच्या पेशंटांचे हातपाय अंथरुणात असे काही उसळायचे की जणू त्यांचा छळच चाललाय. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी नीट अभ्यास करून आजचं नाव दिलं. म्हणून याला विलिस-एकबॉम असंही म्हणतात.

माडगंवाल्या दादांना: तेल चोळून बरं वाटतं ते खरंच आहे. चोळणं, दाबणं, गरम-गार पाणी, आवळून बांधणं, या सगळ्यानं तेवढ्यापुरता मेंदू दुसरीकडे गुंततो. तेल चोळाच. वांग्याचं तेवढं मला माहीत नाही.

---

अम्माची_लेक | १६ एप्रिल, दुपारी ३:२०

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

माझी आई विड्या वळायची. मांडी घालून, सूप मांडीवर, सकाळी सातपासून. हजार विड्यांचं गणित डोक्यात, मधे उठायचं नाही. रात्री ती झोपायची नाही. आम्हा तिघी बहिणींना पाळीपाळीने पायावर उभं करायची, "पाय तुडवा गं." आम्ही भिंतीला धरून तिच्या पोटऱ्यांवर चालायचो आणि चालता चालता पेंगायचो. मला खूप राग यायचा तेव्हा. वाटायचं, दिवसभर बसूनच तर असते, पाय कशाने दुखतात हिचे?

चार वर्षांपूर्वी तिला धाप लागली म्हणून दाखवलं तर हिमोग्लोबिन ७. फेरिटिन तर ६ का काहीतरी. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळायच्या याआधीही, ती घ्यायचीसुद्धा. पण चहासोबत! सकाळी एक कप, वर गोळी, वर अजून अर्धा कप. चहाने लोह अंगी लागत नाही हे आम्हाला त्या वेळी एका डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांनी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लावली, चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन-दोन तास लांब. तरी पोट बिघडायचं, म्हणून एक दिवसाआड केली. त्या म्हणाल्या, एक दिवसाआडही चांगलं शोषलं जातं. शेवटी शिरेतून लोह दिलं, दोनदा.

रात्री झोपताना मिश्री लावायची सवय होती, तीही त्यांनी सोडायला सांगितली. तंबाखूनेही पाय चाळवतात म्हणे. ती सोडायला लोहापेक्षा जास्त दिवस लागले.

साधारण दीड महिन्यानंतर एका रात्री ती दहाला झोपली आणि सकाळी उठलीच नाही लवकर. आम्ही घाबरून नाकाशी हात धरून बघितला. झोपली होती हो, नुसती झोपली होती.

---

जेकार्ड४४ | १६ एप्रिल, संध्याकाळी ६:०२

अक्का, हे वाचून ऑफिसात डोळे पुसले.

---

मोहोळचा_मामा | १७ एप्रिल, रात्री १०:४५

माझंही ऐका, म्हणजे एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडणार नाही कुणी.

वय ५८. सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल (मेंदूत डोपामिनसारखं काम करणारी गोळी) दिलं, सर्वांत छोटी, ०.१२५ ची. पहिल्याच रात्री चमत्कार. मी बायकोला म्हणालो, हा माणूस देव आहे. दीड-दोन वर्षं सुखात गेली. मग पाय अकराऐवजी आठला सुरू व्हायला लागले. गोळी वाढवली, पंधरा दिवस बरं. मग सहाला. पुन्हा वाढवली. शेवटी दुपारी चारला, चावडीवर बसलेलो असताना, आणि नुसते पाय नाहीत, हातसुद्धा. जितकी गोळी जास्त तितका रोग पुढे. याला ऑगमेंटेशन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

आणि दुसरं सांगायला लाज वाटते. त्याच काळात मी मोबाईलवर पैसे लावून रम्मी खेळायला लागलो. आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेला माणूस मी. रात्री पाय शांत, पण हात रम्मीवर. किती गेले ते लिहीत नाही, एक जनावर विकावं लागलं एवढंच सांगतो. मुलीने नेटवर वाचून दाखवलं की या जातीच्या गोळ्यांनी जुगाराचा, खरेदीचा नाद लागू शकतो. गोळी सुटली तसा तो नाद माझा मलाच आठवेनासा झाला.

दुसऱ्या डॉक्टरांनी एकदम न थांबवता हळूहळू कमी केली. ते दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही, सलग चार-पाच रात्री पापणी मिटली नाही. आता प्रिगॅबालिन घेतो रात्री, ही वेगळ्या जातीची, नसांवरची गोळी. सकाळी डोकं थोडं जड राहतं, वजन वाढलंय, पण झोपतो. डॉक्टर म्हणाले, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या मार्गदर्शनात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, लेव्होडोपा या गोळ्या सर्रास देऊ नका असं सांगितलंय. आधी लोह बघा, मग गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. म्हाताऱ्यांनी आणि किडनीवाल्यांनी याही जपून घ्यायच्या, तोल जातो.

कुणी प्रामिपेक्सोलवर असेल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका. डॉक्टर गाठा.

बाकी किरकोळ अनुभव. गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर पायपीट केली की रात्री मेल्यासारखी झोप लागेल असं वाटायचं, होतं उलटंच. अति दमलं की जास्त. रोज संध्याकाळी तलावाभोवती बेताचं चालणं मानवतं. एसटीत पॅसेजकडेची सीट. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची, मागची रांग. आणि पाय सुरू झालेच तर पडून राहून झगडायचं नाही, उठायचं. मी शेंगा फोडत बसतो. हाताला आणि डोक्याला काम मिळालं की पाय विसरतात. शेंगाचटणी आमच्या घरात कधी कमी पडत नाही.

---

हुलग्याचं_माडगं | १८ एप्रिल, सकाळी ९:००

मामा, रम्मीचं लिहिलंत त्याला हिंमत लागते. वांग्याचा मुद्दा मी मागे घेतो.

---

जेकार्ड४४ | २९ एप्रिल, रात्री ९:४०

रिपोर्ट आला. फेरिटिन १८. हिमोग्लोबिन तेच, १३.३. लॅबच्या कागदावर फेरिटिनसमोर नुसता एक छोटा बाण.

कागद घेऊन गेलो तर डॉक्टरांनी मोकळ्या मनाने मान्य केलं की हे आधी करायला हवं होतं, आणि मग भलताच प्रश्न विचारला: "रक्त कुठून जातंय?" म्हणाले, बायकांचं लोह पाळी-बाळंतपणात जातं. चाळिशीतल्या पुरुषाचं कमी असेल तर गोळी देऊन मोकळं व्हायचं नसतं, गळती शोधायची असते. बायको शेजारी बसलेली. सांगावं लागलं की मूळव्याधीचं रक्त अधूनमधून जातं, चार वर्षं. बायकोने जे बघितलंय माझ्याकडे! टेन्शन लपवतोय हा तिचा संशय अगदीच खोटा नव्हता म्हणायचा.

आता आतड्याची दुर्बीण करून घ्यायची आहे, मूळव्याधीशिवाय दुसरं काही नाही ना ते बघायला. सर्दीची गोळी बंद, नाकात स्प्रे. लोह एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. संध्याकाळचा पाचचा चहा सोडलाय, तो सोडणं सगळ्यात जड गेलं. ऑफिसात पाचला कप वाजतात आणि मी खिडकीबाहेर बघतो.

---

रात्रपाळीवाली | २९ एप्रिल, रात्री ११:१५

दुर्बीण पुढे ढकलू नका. आणि लोहाने लगेच फरक पडेल अशी आशा धरू नका, गोडाऊन भरायला महिने लागतात. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. तीन महिन्यांनी परत तपासा.

---

जेकार्ड४४ | २१ मे, पहाटे १:२०

तक्रार करायला आलोय. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, रात्रीसुद्धा गच्ची तापलेली, आणि पायांवर वजन ठेवलं की मला बरं वाटतं. म्हणून नडग्यांवर घडी करून दोन सोलापुरी चादरी आणि वर फॅन फुल. बाकी अंग उघडं. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही अर्धे महाबळेश्वरला आहात.

सर्दीची गोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यातच थोडा फरक पडला होता, आठवड्यात दोन-तीन रात्री बऱ्या जायच्या. या उन्हात पुन्हा जागरण सुरू झालंय. दुर्बीण झाली, मूळव्याधीच आहे, बाकी आतडं साफ. मूळव्याधीचं ऑपरेशन जूनमध्ये.

---

अम्माची_लेक | २१ मे, सकाळी ६:५०

दादा, अम्मा म्हणते ओलं फडकं पोटरीला गुंडाळा, वरून चादर. तिचं म्हणणं मराठीत मीच लिहितेय. ती अजून म्हणते, पोराला सांग, रात्री राग राग करू नको, रागाने पाय जास्त ओढतात.

---

जेकार्ड४४ | १७ ऑगस्ट, दुपारी १२:३०

बरेच दिवस फिरकलो नाही, त्याचं कारण चांगलं आहे.

फेरिटिन ६१. डॉक्टर म्हणतात अजून चढवू, गोळ्या चालू ठेवा, नाहीच चढलं तर शिरेतून देऊ. पाय पूर्ण बरे झाले असं नाही. आठवड्यातून एखादी रात्र येते, विशेषतः लग्नाबिग्नाला उशिरा जेवलो किंवा कुणाच्या आग्रहाने चहा घेतला तर. तेव्हा उठतो आणि गेल्या महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट जुळवत बसतो. मामांच्या शेंगांइतकं चविष्ट नाही, पण पाय गप्प बसतात.

परवा कामासाठी मुंबईला गेलो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. दोन वर्षं मी रात्रीच्या गाडीचं नाव काढत नव्हतो. कुर्डुवाडीपर्यंत दाराजवळ उभा होतो, तिथून बर्थवर आडवा झालो तो डोळे उघडले कल्याणला.

वडिलांना आजीचं सांगितलं, की तो आजार होता, त्याला नाव आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला आम्ही अक्कलकोटला नेलं होतं, उतारा करून आणला होता." आणि हळूच विचारलं, ती तपासणी त्यांचीपण करता येईल का. म्हणजे तेही. इतकी वर्षं बोलले नाहीत.

---

बे_दुणे_चार | १७ ऑगस्ट, दुपारी १:०५

लई भारी बे. पण खालच्या काकांचं राहिलंच की. ते दोनला जागे का असायचे?

---

जेकार्ड४४ | १७ ऑगस्ट, दुपारी १:२२

विचारलं. प्रोस्टेट. रात्रीतून चार वेळा उठतात. त्याचा वेगळा धागा काढा म्हणाले.